परमुलखातल्या बायची ओटी

"बसूक नाय इलंय गो, टेकलंय जरा," असं म्हणत दादा खुर्चीच्या अगदी कडेवर टेकायचे. डावा पाय चपलेत, उजवा चपलेबाहेर. चहा आला की अर्धा प्यायचे आणि "येतंय मगे" म्हणून उठायचे. उरलेला अर्धा कप तसाच राहायचा. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ती घरात आली की आपल्यालाच कुठेतरी जायला उशीर होतोय असं वाटू लागतं.

आमची ओळख मुलुंडच्या एका छोट्या कारखान्यातली. तांदूळ पॉलिश करायची यंत्रं तिथे बनत. मी ऑफिसात पत्रव्यवहार आणि फोन सांभाळायची, ते फिटर होते. मूळचे कुडाळकडचे. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे, म्हणून मी त्यांना दादा म्हणत असे. चालू यंत्राच्या अंगावर तळहात ठेवून ते डोळे मिटायचे आणि सांगायचे, "बेरिंग रडता हा." खोलून बघावं तर बेरिंग खरंच गेलेलं असायचं.

तेव्हा ते असे टेकणारे नव्हते, हे मला आठवतं. जेवणाच्या सुट्टीत डबा संपवून भिंतीला पाठ लावून ऐसपैस बसत आणि गजाली सांगत. त्यांची निवांत बसायची सवय मोडली ती व्हिएतनामहून आल्यावर.

वीसेक वर्षं झाली असतील. दक्षिण व्हिएतनाममधल्या एका भातगिरणीने आमची यंत्रं घेतली आणि ती बसवून द्यायला दादांना दोन महिन्यांसाठी पाठवलं. त्याआधी त्यांनी विमान पाहिलं होतं ते खालून. आठवड्यातून एकदा त्यांचा ऑफिसात फोन यायचा. कामाचं दोन मिनिटांत उरकून ते मुलखाचं वर्णन करू लागायचे.

"सगळा पाणीच पाणी गो. सपाट, ताटासारखा. आणि त्या ताटात भाताचे मुदी पाडल्यासारखे डोंगर. सात आसत म्हणतत. हयचे लोक त्येंका बाय नुई म्हणतत."

"बाय?"

"तेच तर! माका वाटला, आपली बाय, देवी. मी आपली मान हलवतंय, होय होय म्हणतंय. मगे सुपरवायझरान समजावल्यान, बाय म्हणजे सात, नुई म्हणजे डोंगर."

सात डोंगर. पुराच्या दिवसांत सगळी शेतं पाण्याखाली जात आणि डोंगर बेटांसारखे वर राहत. पायथ्याला ताडाची झाडं, आपल्यासारखेच ताडगोळे. वर रान, रानात औषधी मुळ्या. त्या मुळ्या काढायला जाणारी माणसं आधी डोंगराला हात जोडत. रानात असताना वाईट शब्द तोंडातून काढत नसत. वाघ आता तिथे उरला नव्हता, तरी त्याचं नाव कुणी घेत नसे, आजोबा म्हणत. डोंगरांच्या कपारीत जागोजागी लहान देवळ्या होत्या. आणि शहराच्या बाजूला जो डोंगर आहे त्याच्या पायथ्याशी त्या मुलखाच्या मालकिणीचं देऊळ होतं. तिला ते लोक 'बा' म्हणत. "आमी बाय म्हणतो, ते बा म्हणतत. इतकोच फरक," हा दादांचा निर्णय होता.

या देवीची गोष्ट त्यांनी मला फोनवरच सांगितली होती. मूर्ती पूर्वी डोंगराच्या माथ्यावर होती. ती खाली आणायला गावचे पैलवान गेले, तर जागची हलेना. मग देवी अंगात येऊन म्हणाली, नऊ कुमारिका पाठवा. नऊ पोरी गेल्या आणि फूल उचलावं तशी तिला उचलून घेऊन आल्या. पायथ्याला आल्यावर ती पुन्हा जड झाली. तिथेच देऊळ बांधलं.

"आमच्या गावच्या देवीची गोष्ट सांगता काय हो, असा वाटला माका," ते म्हणाले. "लोक अख्खा भाजलेला डुक्कर घेऊन येतत. आपल्याकडे कोंबो, त्यांच्याकडे डुक्कर. देवी म्हटली की मान इलोच."

त्यांच्या गिरणीत कामगारांचं जेवण करणारी एक म्हातारी होती. दादांना तिखट लागतं हे तिने दुसऱ्याच दिवशी ओळखलं आणि त्यांच्या ताटात वेगळ्या मिरच्या ठेवू लागली. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता. तरी दादा तिच्याशी मालवणीत बोलायचे आणि ती आपल्या भाषेत उत्तर द्यायची.

दीड महिना झाला असेल. एका दुपारी दादांची बायको, आम्ही त्यांना वहिनी म्हणायचो, ऑफिसात धावत आली. त्यांची सहा वर्षांची मुलगी रसिका तापाने फणफणली होती आणि ताप मेंदूत गेला होता. तिला शुद्ध नव्हती. "त्यांना बोलवा," एवढंच वहिनी म्हणत होत्या. मी गिरणीत फोन लावला. सुपरवायझरला मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं, मग दादा फोनवर आले. मी सगळं सांगून संपवलं.

"दादा, ऐकताय ना?"

"विमान कधी आसा?"

परतीचं तिकीट मिळायला तीन दिवस लागणार होते. त्या तीन दिवसांत तिकडे काय झालं हे त्यांनी मला पुढे कितीतरी वेळा सांगितलं, आणि दर वेळी अगदी त्याच शब्दांत.

त्यांनी जेवण सोडलं होतं. म्हातारीला कुणीतरी कारण सांगितलं असावं. तिने त्यांचा हात धरला आणि बसमध्ये घालून त्या देवळात नेलं. माणसं देवीसाठी भरजरी झगे आणि मुकुट घेऊन आलेली. दादांच्या हातात काहीच नव्हतं. त्यांनी डोकं टेकलं आणि कोकणात देवापुढे घालतात तसं मालवणीत गाऱ्हाणं घातलं.

"बाय म्हाराजा, मी परमुलखातलो. तुझी माझी वळख नाय. माझा चेडू थय एकटा पडला हा. तेका उठवून बसव. मी तुका आमच्या रीतीन नऊवारी साडी देईन, ओटी भरीन."

गाऱ्हाण्याच्या शेवटी भोवतीच्या माणसांनी "होय म्हाराजा" म्हणायचं असतं. तिथे म्हणणार कोण? तेवढ्यात शेजारी गुडघ्यावर बसलेली म्हातारी हात जोडून म्हणाली, "या." सुपरवायझरला त्यांनी नंतर विचारलं. त्यांच्या भाषेत मोठ्यांना अदबीने 'हो' म्हणायचं असलं की 'या' म्हणतात.

दादा मुलुंडला पोचले तेव्हा रसिका उशीला टेकून पेज पीत होती. डॉक्टरांनी चांगले उपचार केले होते, औषधं वेळेवर लागू पडली होती. दादांनी डॉक्टरांचे पाय धरले. पण त्या दिवसापासून त्यांच्या डोक्यावर एक नवस बसला, आणि तो फेडायचा कसा हे काही कुणाला सांगता येईना. यंत्रं बसवायचं उरलेलं काम दुसऱ्या फिटरने पुरं केलं. कारखान्याला तिकडून पुन्हा ऑर्डर आली नाही. काही वर्षांनी कारखानाच बंद पडला, जागेवर टॉवर उभा राहिला. दादा मुलुंडभरच्या पिठाच्या गिरण्या दुरुस्त करत हिंडू लागले.

साडी त्यांनी पहिल्याच दसऱ्याला आणली होती. हिरवी, लाल काठाची नऊवारी. वर्षातून एकदा ते ती कपाटातून काढून घडी मोडत आणि दुसरीकडून घालत, म्हणजे एकाच जागी घडी पडून कापड फाटणार नाही. वहिनी वैतागून म्हणायच्या, "माझ्या लग्नाचा शालू उंदरांनी खाल्ला तेव्हा विचारलं नाही. हिच्या साडीला मात्र उन्हं दाखवतात!"

गावी गेले की ते ग्रामदेवीला कौल लावत. ही साडी इथेच तुला वाहिली तर चालेल का? चालेल तर उजवा दे. गुरव पाकळ्या लावायचा आणि डावी पाकळी पडायची. तीन वर्षं लागोपाठ डावी पडली. गुरव शेवटी म्हणाला, "जिथला तिथंच फेडूचा. दुसरीची साडी आमची देवी कशाक नेसात?"

मुलुंडला ते पश्चिमेला अगदी डोंगराच्या कुशीत राहायचे. एकदा त्यांच्या सोसायटीच्या भिंतीवर बिबट्या येऊन बसला. सगळी सोसायटी खिडक्यांतून मोबाईल धरून उभी. दादा गॅलरीतून ओरडत होते, "नाव घेव नको, आजोबा म्हणा!" त्या दिवसापासून सोसायटीतल्या पोरांनी बिबट्याचं नाव आजोबा ठेवलं आणि दादांचं व्हिएतनाम.

रसिकाला काही झालं की त्यांना नवस आठवायचा. ती स्कूटरवरून पडली, नवस. तिचं ठरत आलेलं लग्न मोडलं, नवस. लगेच उठून माझ्याकडे यायचे, टेकायचे आणि विचारायचे, "थय जाणारा कोण वळखीचा आसा काय गो?" मी त्यांची कितीदा समजूत घातली असेल. पण ज्या माणसाला बसताच येत नाही त्याला समजावणार तरी कसं?

रसिका स्वतः याला कंटाळली होती. एकदा माझ्यासमोरच म्हणाली, "बाबा, दहावीला गणितात माझी वाट लागली ती मी अभ्यास केला नाही म्हणून. व्हिएतनामच्या देवीचा काय संबंध, यार? सहा वर्षांची असताना आलेला ताप मला अजून पुरतोय."

दादा उठले. चपलेत पाय घालून निघून गेले.

आणि मग एकाएकी जो तो व्हिएतनामला जाऊ लागला. आमच्या बिल्डिंगमधली तीन कुटुंबं जाऊन आली. मी निवृत्त झाले होते, यजमानांनाही मोकळीक होती. आम्हीही मार्चमधल्या एका ग्रुप टूरमध्ये नावं घातली. दादांना बातमी लागली तशी त्याच संध्याकाळी कापडी पिशवी घेऊन हजर. त्यात साडी, खण, तांदळाची पुरचुंडी आणि एक सोललेला नारळ.

"माझो गुडघो आता जाऊचो नाय," ते म्हणाले. "तू बायलमाणूस. तुझ्या हातान ओटी भरलंस तर बाय घेयत. वाटेत पडता काय बघ."

मी नकाशा न बघता हो म्हणाले. आता विचार करते तेव्हा वाटतं, एवढंच तर काम आहे असं मला खरोखर वाटलं होतं.

नारळ मी आधीच काढून ठेवला, तिकडे मिळेल म्हणून. बाकीचं बॅगेत गेलं. सायगॉनला पोचल्यावर टूर मॅनेजरला विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, ते सहा-सात तास लांब आहे. आपल्या प्रोग्रॅममध्ये नाही. उद्याचा दिवस फ्री आहे, तुमचं तुम्ही जाऊ शकता." म्हणजे जाता आलं असतं. पहाटेची बस होती, गाडीही करता आली असती. पण आठ दिवसांच्या फिरण्याने माझे पाय भरून आले होते आणि यजमान म्हणाले, "अगं सोड ना. कोण बघायला येतंय?" त्या मोकळ्या दिवशी मी कॉफी घेतली, काजू घेतले, लाखेचं काम केलेला एक डबा घेतला. साडी बॅगेच्या तळाशी होती तशीच मुलुंडला परत आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला बेल वाजली. दादा दारातूनच म्हणाले, "भरलंस ओटी?"

मी खरं सांगणार होते. पण त्यांचा चेहरा बघितला आणि माझ्या तोंडातून "हो" निघून गेलं.

ते आत आले आणि खुर्चीत बसले. टेकले नाहीत, बसले. दोन्ही चपला काढून, पाठ मागे टेकून. सगळा चहा संथपणे प्यायले. त्यांनी ना फोटो मागितला, ना काही खूण. एवढंच विचारलं, "डोंगरार ढग होते काय गो?"

"होते," मी म्हणाले.

पुढचे काही दिवस माझे कसे गेले ते माझं मला ठाऊक. दादांनी बिल्डिंगभर पेढे वाटले. वहिनी पुरणपोळ्या घेऊन आल्या आणि माझे हात हातात घेऊन रडल्या. "वीस वर्षांनी हा माणूस रात्रभर झोपला," म्हणाल्या. पोळ्या मी यजमानांच्या ताटात वाढल्या. साडी आमच्या पलंगाखालच्या बॅगेत होती. त्या पलंगावर मला झोप येईना. मी घरात एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नुसती फिरत राहायची. यजमान म्हणाले, "हे काय लावलंयस? बस ना एका जागी."

दहाव्या दिवशी मी पिशवी घेतली आणि त्यांच्या घरी गेले. दादा, वहिनी आणि रसिका तिघंही घरात होती. पिशवी टेबलावर ठेवली आणि उभ्यानेच सगळं सांगून टाकलं. खरेदीचंसुद्धा.

वहिनींनी तोंड फिरवलं. "पेढे वाटले हो आम्ही," त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या.

दादा पिशवीकडे बघत होते. तिच्याकडे बघतच म्हणाले, "मार्चात थय ढग नसतत, सुपरवायझरान सांगल्यान होता. नुसता ऊन आणि धूळ. तू ढग होते म्हणालंस तेवाच माका समाजला."

"मग बोलला का नाहीत?"

"म्हटला, आसतील. एखाद्या वर्साक आसतील." त्यांनी साडीवरून हात फिरवला. "धा दिवस बरे गेले गो."

त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी तशीच उभी होते. रसिका उठली. मला वाटलं, आता ही मला घराबाहेर काढणार. तिने लॅपटॉप उघडला आणि म्हणाली, "बाबा, पासपोर्ट कुठाय? मे महिन्यात मला सुट्टी मिळेल. मीच नेते तुम्हाला."

"गुडघो..."

"गुडघा पण नेऊ. चला, फोटो काढायला लागेल नवीन."

मे महिन्यात बापलेक व्हिएतनामला जाऊन आले. मला त्यांनी बरोबर चल म्हटलं नाही आणि मीही विचारलं नाही.

पुढचं मला रसिकाने सांगितलं. जुनी गिरणी तिथे उरली नव्हती. जेवण करणारी म्हातारी वारून बरीच वर्षं झाली होती. तिचा नातू भेटला, तो त्यांना मोटारसायकलींवरून देवळात घेऊन गेला. यात्रेचे दिवस होते. भाजलेली डुकरं, फळांची ताटं, उदबत्त्यांचा धूर. झगे स्वीकारणाऱ्या बायकांपुढे दादांनी साडी ठेवली. त्यांनी ती उलगडायला सुरुवात केली, तर कापड संपेचना. सगळं टेबल हिरवं झालं. हे घालायचं कसं, अशा खुणा त्या करू लागल्या. दादांनी रसिकाकडे पाहिलं.

"मावशी, मी जन्मात नऊवारी नेसले नव्हते," रसिका म्हणाली. "मोबाईलवर व्हिडिओ लावला आणि जीन्सवरच नेसायला लागले. कासोटा तीनदा सुटला. दोन बायका पदर धरून उभ्या, एकजण पिना देत होती. सगळे हसत होते. झालं एकदाचं. मी वळून बाबांना विचारलं, बरोबर आहे का? तर बाबा मूर्तीकडे बघतच नव्हते. माझ्याकडे बघून हात जोडून रडत होते."

मग तिने साडी सोडली, घडी करून ओटीच्या सामानासकट त्या बायकांच्या हवाली केली. मूर्तीच्या अंगावर ती चढेल की नाही, कधी चढेल, ते कुणी सांगितलं नाही. रसिकाला काळजी वाटली, बाबा पुन्हा बेचैन होतील म्हणून. दादा म्हणाले, "बायन नेसून दाखवल्यान. आता तिका होया तसा करू दे."

परत आल्यावर ते माझ्याकडे आले. ताडाच्या पानात बांधलेला गूळ त्यांनी माझ्या हातावर ठेवला. "तू पोचलंस नाय, म्हणून तुका घेऊन इलंय," म्हणाले. मी रडायला लागले तशी घाईघाईने म्हणाले, "खा आधी. मुंगी लागात."

नवस फिटला तरी स्वस्थपणा त्यांना काही लाभला नाही. आता त्यांच्या डोक्यात उरलेले डोंगर होते. देवळानंतर सातांतला सर्वांत मोठा डोंगर ते रसिकाबरोबर चढून आले होते, म्हणजे सहा बाकी. कुठल्या डोंगराला किती पायऱ्या, कुठे पाणी, कुठे कुठली देवळी, ते जो भेटेल त्याला विचारत सुटले. गुडघ्याच्या डॉक्टरलाही विचारलं.

ऑगस्टमध्ये ते गेले. हृदयविकाराने, घरातच, वहिनींनी पाणी आणेपर्यंत.

दिवस झाल्यावर रसिका माझ्याकडे आली होती. तिने मोबाईलवर मे महिन्यातला, त्या सर्वांत मोठ्या डोंगरावरचा एक व्हिडिओ दाखवला. केबल कार होती, पण ती सोडून ते पायी निघाले होते. दोन्ही बाजूंना बांबू, मधून दगडी पायऱ्या, वरून उतरणारं धुकं. दादा काठी टेकत पुढे चाललेत. मागून रसिकाचा आवाज येतो, "बाबा, थांबा ना! इकडे बघा, फोटो काढतेय." ते थांबत नाहीत. मागे न बघता एक हात वर करतात आणि म्हणतात, "तू ये सावकाश." पुढे वळण आहे. त्या वळणावर ते दिसेनासे होतात आणि मग थोडा वेळ नुसत्या पायऱ्याच दिसत राहतात.